रुळांशेजारी राहणाऱ्यांशी प्रकल्पाने कसं वागावं?

प्रश्न असा आहे: "आमच्या वस्तीला लागून नवा रेल्वेमार्ग येतोय. काही घरं जाणार, काहींच्या खालून बोगदा जाणार आणि उरलेल्यांच्या दारासमोर चार-पाच वर्षं काम चालणार. प्रकल्पवाल्यांनी आमच्याशी कसं वागायला हवं? आम्ही आग्रह कशाचा धरावा आणि सोडून काय द्यावं?"

सोडून काय द्यावं, हे विचारणारे फार थोडे भेटतात. त्यामुळे तुमच्याशी बोलणं सोपं आहे, तो भाग शेवटी घेतो.

मी या कामात सव्वीस वर्षं आहे. सुरुवातीची बरीच वर्षं कंत्राटदाराकडे होतो, साइटवर 'लोकांना सांभाळायला' ठेवलेला माणूस म्हणून. नंतर प्रकल्प राबवणाऱ्या संस्थांकडे पुनर्वसनाचं काम केलं. आता बहुतेक वेळा रहिवाशांच्या बाजूने बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यावर माझं मत एका जागी येऊन थांबलंय. रेल्वे बांधताना त्रास होणारच, तो शून्य करता येत नाही. पण दोन ओझी रहिवाशाच्या खांद्यावर टाकायची नसतात. पुढे काय होणार आहे हे शोधून काढायचं ओझं, आणि झालेलं नुकसान प्रकल्पामुळेच झालं हे सिद्ध करायचं ओझं. दोन्ही प्रकल्पाने उचलायची. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

पहिल्या ओझ्याबद्दल लोक म्हणतात, "माहिती द्या म्हणजे काय, पत्रकं तर वाटतातच की." पत्रक आणि माहिती या वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामातल्या आवाज आणि कंपनांसाठी ब्रिटनमध्ये बीएस 5228 नावाचं मानक वापरतात. त्यात कंपनाचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदात मोजून माणसाला काय वाटेल याचा तक्ता दिलाय. 0.3 ला घरात बसलेल्या माणसाला ते जाणवू शकतं. 1.0 ला तक्रार येण्याची शक्यता असते, पण त्याच ओळीत पुढे म्हटलंय की रहिवाशांना आधी सूचना आणि स्पष्टीकरण दिलं असेल तर ते सहन होऊ शकतं. हा इंजिनियरांचा कोरडा तक्ता आहे. जमीन तेवढीच हलते, भांडी तेवढीच वाजतात, फरक पडतो तो आधी कोणी येऊन सांगितलं होतं की नाही याने. मी नव्या मुलांना प्रशिक्षण देतो तेव्हा ही एक ओळ फळ्यावर लिहून दिवसभर तशीच ठेवतो.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. राहत्या घरांना तडे जाऊ नयेत म्हणून जर्मनीच्या डीआयएन 4150 मानकात कमी वारंवारितेच्या कंपनांसाठी 5 मिलिमीटर प्रति सेकंद अशी मर्यादा आहे, जुन्या नाजूक वास्तूंसाठी 3. म्हणजे घराला काही होण्याच्या कितीतरी आधी माणसाला भीती वाटते. साइटवरचा इंजिनियर म्हणतो, "मर्यादेच्या आत आहे, काही होत नाही," आणि त्याचं बरोबर असतं. वरच्या मजल्यावरची काकू म्हणते, "घर हलतंय," आणि तिचंही बरोबर असतं. भांडण इथून सुरू होतं, कारण मधल्या फरकाबद्दल कोणीच बोललेलं नसतं.

मग चांगली सूचना कशी असते? "येत्या काळात परिसरात काम सुरू होणार असून नागरिकांनी सहकार्य करावे" ही नव्हे. "सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पायलिंगचं, म्हणजे जमिनीत पायाचे खांब उतरवण्याचं मशीन उभं राहील. पहिले दोन दिवस खडक फोडायचाय, सर्वांत जास्त आवाज तेव्हाच होईल. दुपारी एक ते दोन काम बंद. गुरुवारी संपणार नसेल तर बुधवारी संध्याकाळीच पुन्हा कळवू." यात दिवस आहे, वेळ आहे, यंत्राचं नाव आहे, सर्वांत वाईट काय ते आहे आणि वेळापत्रक चुकलं तर काय हेही आहे. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. तारीख चुकते, सगळ्यांचीच चुकते. ती चुकणार हे कळल्याबरोबर सांगितलं तर लोक पुढच्या तारखेवर विश्वास ठेवतात. मुदत उलटून गेल्यावर सांगितलं की पुढची सगळी पत्रकं थेट रद्दीत.

रेल्वेच्या कामात एक जादा अडचण असते, ती म्हणजे रात्र. नवा मार्ग चालू मार्गाला जोडायचा असेल तर गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, आणि ब्लॉक मिळतो तो रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी. रूळ कापणं, खडी टाकणं, ती रुळांखाली दाबून बसवणारं टॅम्पिंग मशीन चालवणं हे सगळं लोक झोपलेले असताना. हे टाळता येत नाही आणि प्रकल्पाने ते टाळता येईल असं खोटं सांगूही नये. पण रात्रीच्या कामातला निम्मा उपद्रव कामाचा नसतोच. तो डंपरच्या रिव्हर्स हॉर्नचा असतो, लोखंडी प्लेट उंचावरून टाकण्याचा असतो, चालू ठेवलेल्या जनरेटरचा असतो, घराकडे तोंड करून लावलेल्या फ्लडलाइटचा असतो आणि मजुरांना ओरडून हाका मारणाऱ्या मुकादमाचा असतो. टीं-टीं करणाऱ्या हॉर्नऐवजी 'खस्स-खस्स' असा पसरट आवाज काढणारे हॉर्न मिळतात. त्यांचा आवाज गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाला नीट ऐकू येतो आणि दूर गेल्यावर लवकर विरतो. गाड्या गोल फिरून बाहेर पडतील अशी साइटची आखणी केली तर रिव्हर्स घ्यायची वेळच फारशी येत नाही. लाइट खाली वळवायला एक माणूस आणि पाच मिनिटं लागतात. प्रकल्प अब्जावधींचा असतो, रहिवाशाची झोप मात्र अशा पाच मिनिटांच्या गोष्टींवर अवलंबून असते.

आवाजाच्या आकड्यांनी फसू नका, एवढं इथेच सांगून ठेवतो. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली, आणि दहा वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. "फक्त दहानेच वाढलाय" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. आणि सरासरी दाखवली तर कमाल मागा. रात्री तीन वाजता एकदाच पडलेली प्लेट आठ तासांच्या सरासरीत कुठे दिसत नाही, पण घरातलं तान्हं मूल तिनेच उठतं.

सगळ्यात लांब चालणारी अनिश्चितता मात्र काम सुरू होण्याच्या आधीची असते. नकाशावर रेघ पडली की त्या पट्ट्यातलं घर विकलं जात नाही, बँक कर्ज देताना कां-कूं करते, आणि चार महिन्यांत पाडायचंय की चौदा वर्षांत हे माहीत नसल्यामुळे कोणी गळकं छतही दुरुस्त करत नाही. इंग्लंडमधल्या एचएस-टू या द्रुतगती मार्गाच्या मँचेस्टरकडे जाणाऱ्या उत्तरेच्या फाट्याचा प्रस्तावित मार्ग जानेवारी 2013 मध्ये जाहीर झाला. 4 ऑक्टोबर 2023 ला सरकारने तो फाटाच रद्द केला. मधली दहा वर्षं त्या रेघेखाली लोक राहत होते. काहींनी घरं प्रकल्पाला विकली आणि ते निघून गेले, आणि नंतर कळलं की रेल्वे येणारच नाहीये. रद्द करण्याचा निर्णय बरोबर होता की चूक यात मी पडत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याला आजारपणामुळे, नोकरीमुळे किंवा घटस्फोटामुळे घर विकावंच लागणार आहे, त्याचं घर रेघ पडली नसती तर जी किंमत आली असती त्या किमतीला प्रकल्पाने लगेच घ्यावं, जमीन प्रत्यक्ष लागायच्या कितीतरी आधी. अशी सोय तिथे होती, पण ती मिळवायला 'मला विकणं भागच आहे' हे पुराव्यानिशी पटवून द्यावं लागायचं. म्हणजे पुन्हा तेच, ओझं रहिवाशावर.

त्याच प्रकल्पाबद्दल 2015 मध्ये ब्रिटनच्या संसदीय लोकपालांचा एक अहवाल आला. स्टॅफर्डशायरमधल्या एका छोट्या वस्तीतल्या लोकांना एकत्रच दुसरीकडे राहायला जायचं होतं आणि त्यासाठी ते प्रकल्पाशी बोलत होते. प्रकल्पाने त्यांच्याशी ज्या पद्धतीने व्यवहार आणि संवाद ठेवला तो सदोष होता, असा लोकपालांनी ठपका ठेवला. लक्षात घ्या, मार्ग चुकीचा होता असं ते म्हणत नव्हते. वागणूक चुकीची होती, आणि तेवढं ठपक्याला पुरेसं होतं.

आता दुसरं ओझं, पुराव्याचं. इथे थोडा रेंगाळतो, कारण बोगद्यावरची घरं तुमच्याकडे आहेत.

बोगदा खणताना खणलेल्या पोकळीपेक्षा थोडी जास्त माती निघतेच. ती जागा भरायला वरची जमीन किंचित खाली बसते आणि बोगद्याच्या रेषेवर बशीसारखा उथळ खळगा तयार होतो. चांगल्या यंत्राने, चांगल्या मातीत तो काही मिलिमीटरांचा असतो आणि घराला कळतही नाही. इंजिनियर साधारण 10 मिलिमीटर खचणं आणि पाचशेत एक उतार यांच्या आत असेल तर धोका नगण्य मानतात. घर सगळीकडून सारखं खाली गेलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा गेला आणि दुसरा राहिला की तडे. म्हणून बशीच्या काठावरच्या घराला कधी कधी मधल्यापेक्षा जास्त त्रास होतो, आणि नेमकं तेच घर बाधितांच्या यादीच्या बाहेर राहतं.

तड्यांनाही भाषा असते. केसाएवढी, 0.1 मिलिमीटरपर्यंतची भेग नगण्य. एक मिलिमीटरपर्यंत अगदी किरकोळ, रंगकामात जाते. पाचपर्यंत किरकोळ, पण दारं-खिडक्या अडकायला लागतात. त्याच्या वर गेलं की गवंडी लागतो. ही वर्गवारी जगभर वापरतात. जुन्या घरात मात्र पहिल्या दोन वर्गांतल्या भेगा आधीपासून असतातच, कोणी कधी बघितलेल्या नसतात. काम सुरू झालं की माणूस घराकडे पहिल्यांदाच डोळे फाडून बघतो आणि प्रत्येक भेग नवी वाटते. कंत्राटदाराचा विमावाला नेमका उलट वागतो, त्याला प्रत्येक भेग जुनीच दिसते.

यावर उपाय एकच. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराची पूर्वस्थितीची पाहणी. त्रयस्थ माणसाने केलेली, प्रकल्पाच्या खर्चाने, खोलीखोलीत जाऊन, भेगेशेजारी मोजपट्टी धरून काढलेल्या फोटोंसकट. आणि मुख्य म्हणजे त्याची सही-शिक्क्याची एक प्रत घरमालकाच्या हातात. बहुतेक ठिकाणी पाहणी होते आणि प्रत मात्र प्रकल्पाच्या कपाटात राहते. अशी पाहणी रहिवाशाला काहीच कामाची नाही.

एका साइटवर तळमजल्यावर एक आजी राहायच्या. पाहणीवाली मुलं त्यांच्याकडे वीस मिनिटांत उरकून गेली होती. आजींनी मला बोलावून माजघरातल्या भिंतीवरची एक तिरकी भेग दाखवली, "ही त्यांनी लिहिली नाही." मी साइटवरून काचेच्या तीन पट्ट्या आणल्या आणि भेगेवर आडव्या, प्लास्टरने दोन्ही टोकांना चिकटवल्या. भेग रुंदावली की काच तडकते, साधी गोष्ट आहे. प्रत्येक पट्टीखाली तारीख लिहिली. यंत्र घराखालून जाणार होतं त्या आठवड्यात आजी रोज सकाळी चष्मा लावून पट्ट्या बघायच्या. दोन शाबूत राहिल्या, मधली तडकली. त्यांनी तडकल्याची तारीख पेन्सिलीने खाली लिहिली आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. दोन महिन्यांनी नुकसानभरपाईच्या बैठकीत समोरचा माणूस "ही भेग जुनीच आहे" म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भेग जुनीच आहे. काच नवी होती." त्यांचं काम दुसऱ्याच दिवशी करून दिलं. तिथे शेजारच्या चाळीस घरांत पट्ट्या नव्हत्या, त्यांच्या फायली वर्षभर फिरत राहिल्या. हा प्रसंग मी प्रकल्पाच्या माणसांनाच जास्त सांगतो. पट्टीला लागतो खर्च किती आणि त्या चाळीस फायलींवर गेला किती, हिशेब करा म्हणतो.

मी जिथे नियम लिहायला बसतो तिथे कलम उलटं लिहितो. बोगद्याच्या किंवा खोल खड्ड्याच्या ठरावीक अंतरातल्या घरात, कामाच्या काळात आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत पडलेली भेग ही कामामुळेच पडली असं धरायचं. तसं नाही हे प्रकल्पाला दाखवायचं असेल तर त्याने दाखवावं. त्याच्याकडे भिंतींची हालचाल टिपायला लावलेले प्रिझम आहेत, पातळी मोजणारी यंत्रं आहेत, दर तासाची नोंद आहे. रहिवाशाकडे मोबाइलचा कॅमेरा आहे. आणि छोटी प्रकरणं वकिलाशिवाय, एका पानाच्या अर्जावर, ठरलेल्या मुदतीत मिटली पाहिजेत.

खोल खड्ड्यांचं काम बिघडलं तर काय होतं तेही जाणून घ्या, घाबरायला म्हणून नव्हे. जर्मनीत कोलोन शहरात भुयारी रेल्वेचं काम चालू असताना 3 मार्च 2009 ला शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार कोसळलं, शेजारच्या घरांतले दोन तरुण गेले. खड्ड्याच्या भूमिगत भिंतीत दोष राहिला होता, तिथून पाणी आणि वाळू आत घुसली. त्याच मार्गाच्या कामात 2004 मध्ये एका चर्चचा मनोरा कललेला होता. कोलकात्यात 31 ऑगस्ट 2019 ला बोबाजारमध्ये मेट्रोचं बोगदा खणणारं यंत्र पाणी धरून ठेवणाऱ्या थरात शिरलं, वरच्या दाट वस्तीतली जुनी घरं खचली, काही पडली, शेकडो लोकांना हॉटेलांत हलवावं लागलं. 2022 मध्ये त्याच परिसरात पुन्हा घरांना तडे गेले. तिथे सोनारकाम करणाऱ्यांची घरं आणि कामाची जागा एकाच छपराखाली होती. हॉटेलच्या खोलीत झोपता येतं, सोनं घडवता येत नाही.

म्हणून विचारा: आमच्या घराखाली जमीन किती मिलिमीटर खाली गेली की तुम्ही काम थांबवणार? तो आकडा प्रत्येक प्रकल्पाकडे असतो, धोक्याची पातळी म्हणून. तो वस्तीला सांगितला पाहिजे आणि रोजची नोंद फलकावर लागली पाहिजे. थांबलात तर आम्हाला कोण उठवणार, कुठे नेणार, म्हातारी माणसं कोण उचलणार? हे कागदावर नसेल तर त्या रात्री कोणालाच सुचत नाही. यंत्र घराखालून जाणार त्या दिवसांत ज्यांना जायचं असेल त्यांची दुसरीकडे राहायची सोय आधीच करून ठेवणारे प्रकल्प मी बघितलेत. खर्च मामुली, आणि निम्मे लोक जातही नाहीत. सोय आहे हे कळलं तरी झोप लागते.

आता ज्यांची घरं जाणार त्यांच्याबद्दल. जमिनीचा मोबदला कायद्यात असतो, कायदा देशादेशाप्रमाणे बदलतो, त्यावर तुमचा वकील माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मी त्या कायद्यातून निसटणाऱ्या माणसांबद्दल सांगतो. भाडेकरू. पोटभाडेकरू. कागद नसलेले. गाडीवर धंदा करणारे. मोठ्या दुकानाच्या बदल्यात छोटा गाळा मिळणारे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात हेच झालं. 2004 मध्ये बाधित लोक जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेले. पॅनेलच्या 2005 च्या अहवालात बाधितांची संख्या सुरुवातीला कमी धरली गेली होती, हे आलं, आणि मोठी दुकानं असलेल्यांना 225 चौरस फुटांच्या ठोकळ्यात बसवण्याचा प्रश्नही आला. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा थांबवला, तो जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. याच प्रकल्पात रुळांलगतच्या झोपड्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांनी स्वतः आपली मोजणी करून, स्वतः जागा रिकाम्या करून दिल्या होत्या, बळजबरी न होता. म्हणजे एकाच प्रकल्पात दोन्ही. जिथे लोक मोजणीत सामील होते तिथे गाडी चालली, जिथे यादी वरून आली तिथे अडली.

मोजणीच्या दिवशी घर बंद असेल तर नाव गाळू नये, तीन वेळा यावं, शेजाऱ्यांसमोर यादी वाचून दाखवावी, हरकतीला मुदत द्यावी. हे सगळं पहिल्या महिन्यात करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहापट वेळ नंतर कोर्टात जातो.

नवी जागा कशी हे तिथे पाणी भरायच्या वेळी उभं राहून बघायचं असतं. कंबोडियातल्या रेल्वे पुनर्बांधणीत लोकांना हलवलं, आणि 2010 मध्ये बट्टामबांगजवळच्या नव्या वसाहतीत पाण्याची सोय नव्हती म्हणून पाणी आणायला गेलेली दोन भावंडं तळ्यात बुडाली. आशियाई विकास बँकेच्या पुनरावलोकन पॅनेलने 2014 मध्ये त्या पुनर्वसनातल्या उणिवांवर बोट ठेवलं, बँकेने त्यातून धडे घेतले वगैरे सगळं झालं. पण क्रम बघा. आधी लोक नेले, मग पाणी न्यायचं होतं. मी हल्ली एकच अट घालतो: नळाला पाणी, दिवा, शाळेला जायची बस आणि पहिल्या महिन्यापासून कमाईची वाट, हे चालू दिसेपर्यंत जुन्या घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. प्रकल्पाचे लोक म्हणतात, वेळापत्रक मागे पडेल. पडू दे. वेळापत्रक त्यांनी बनवलंय.

ज्यांचं घर जात नाही पण धंदा समोरच्या पत्र्यांमागे गडप होतो, त्यांचा विचार फार कमी होतो. बॅरिकेड लागले की गिऱ्हाईक वळून जातं. कपडे शिवणाऱ्या एकाने मला वहीत मांडून दाखवलं होतं: पत्रे लागण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, रोजची मापं. निम्म्याच्या खाली. नियमात बसत नाही म्हणून त्याला काही मिळालं नाही, कारण त्याची भिंत, जमीन, दार काहीच गेलं नव्हतं. अशांसाठी पत्र्यावर दुकानाची पाटी, चालायला रुंद आणि कोरडी वाट, मालाची गाडी यायला ठरलेली वेळ, आणि उत्पन्न बुडालं ते वहीवरून मान्य करायची तयारी, एवढं तरी हवं. त्याने वही ठेवली होती. तुमच्यातल्या दुकानदारांना आजपासून ठेवायला सांगा.

जनसुनावणीबद्दल थोडक्यात. सगळं ठरल्यावर घेतलेली सुनावणी ही सुनावणी नव्हे. जर्मनीत स्टुटगार्ट-21 या स्थानक प्रकल्पाविरुद्ध लोक उतरले तोवर मंजुऱ्या होऊन गेल्या होत्या. 30 सप्टेंबर 2010 ला पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, शंभराहून जास्त जखमी झाले. मग मध्यस्थ नेमून दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना लोकांसमोर बसवलं, ते टीव्हीवर दाखवलं. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, आणि प्रकल्पातून माघार घेऊ नये असंच बहुमताने ठरलं, जवळजवळ 59 टक्के. ऐकून घेतल्यावर लोक 'नको'च म्हणतात असं नाही. पण ते आधी का केलं नाही?

रेल्वे सुरू झाली म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. जपानमध्ये तोकाइदो शिन्कान्सेन 1964 मध्ये सुरू झाली. नागोया शहरातल्या रुळांलगतच्या रहिवाशांनी आवाज आणि कंपनांविरुद्ध 1974 मध्ये दावा लावला. 1975 मध्ये सरकारने शिन्कान्सेनच्या आवाजाची मर्यादा ठरवली, निवासी भागात 70 डेसिबल. दावा तडजोडीने मिटला 1986 मध्ये. गाडी सुरू झाल्यापासून बावीस वर्षं. रुळांखालचे रबरी थर, बाजूच्या आवाजरोधक भिंती, दुहेरी काचांच्या खिडक्या हे नंतर बसवायला प्रचंड महाग पडतं, आणि काही गोष्टी नंतर बसवताच येत नाहीत. तुमच्या मार्गाची रचना अजून कागदावर असेल तर तुमच्या हातातली सर्वांत मोठी संधी आत्ता आहे. खिडक्या काम सुरू व्हायच्या आधी बसवून घ्या, म्हणजे बांधकामाच्या आवाजालाही त्या उपयोगी पडतात. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. पाच वर्षं धूळ खाल्ल्यावर खिडकीवाला येतो.

आता सोडून काय द्यावं. 'आवाज अजिबात नको' हे सोडा, ते कोणी देऊ शकत नाही आणि मागितलं की बाकीच्या मागण्याही हलक्या होतात. रात्रीचं काम पूर्ण बंद हेही सोडा. त्याऐवजी सलग किती रात्री आणि मग किती रात्री विश्रांती, यावर भांडा. एखाद्या तरुण जनसंपर्क अधिकाऱ्यावर राग काढणं सोडा, त्याच्या हातात काही नसतं, मी होतो ना तिथे. ज्याच्या हातात काम थांबवायचा अधिकार आहे असा एक माणूस महिन्यातून एकदा तुमच्यासमोर बसला पाहिजे, हे मात्र सोडू नका. आणि एकमेकांच्या मोबदल्याकडे बघून आपसात फूट पाडून घेऊ नका. प्रत्येकाशी बंद दाराआड वेगळा सौदा करणारे प्रकल्प असतात. सूत्र उघड मागा, रक्कम भले खासगी राहू दे.

एक शेवटचं. पहिल्या बैठकीत ते तुम्हाला चोवीस तास चालणाऱ्या तक्रार केंद्राचा नंबर देतील. चहा घ्या, नंबर लिहून घ्या, आणि त्याच रात्री दोन वाजता तो लावा. तक्रार काही नाही म्हणावं, फक्त बघत होतो. उचलणाऱ्याचं नाव, तो कुठून बोलतोय आणि साइटवरचं मशीन बंद करायला तो कोणाला फोन करू शकतो, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा. कोणी उचललाच नाही, तर तेही.